वर्षभर थांबलेला जिंगल ड्रेस: एका ओजिब्वे मुलीच्या पहिल्या नाचाचं प्रकरण

मिनियापोलिसच्या एका प्राथमिक शाळेत मी पालक आणि शाळा यांच्यातल्या संपर्काचं काम करते. हे प्रकरण त्या कामातून माझ्यापर्यंत आलं. कुटुंबाने लिहायला परवानगी दिली ती दोन अटींवर: ओळख पटेल असं काही लिहायचं नाही, आणि समारंभातली गाणी व प्रार्थना कागदावर उतरवायच्या नाहीत. म्हणून इथे माणसांची नावं नाहीत, गावाचं नाव नाही, आणि काही तपशील बदलले आहेत. नाचाच्या तालमीबद्दल फारसं काही सापडणार नाही. जिंगल ड्रेस, म्हणजे पत्र्याचे शंकू लावलेला नाचाचा पोशाख, घालून मुलीला नाचाच्या रिंगणात उतरवताना घराला कोणाकोणाला विचारावं लागलं, आणि एका टप्प्यावर सगळं तयार असूनही का थांबावं लागलं, ते मला सांगायचं आहे.

पार्श्वभूमी

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. आई ओजिब्वे, वडिलांचे पूर्वज नॉर्वेहून आलेले. ओजिब्वे हे उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी लोक, ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. ग्रेट लेक्सच्या भोवती, अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांची गावं आहेत. आईचं माहेर उत्तर मिनेसोटातल्या एका रिझर्व्हेशनवरचं, म्हणजे मूळनिवासींसाठी राखलेल्या प्रदेशातलं. आजी लहान असतानाच तिचे आईवडील शहरात आले. रिझर्व्हेशन सोडा आणि शहरात नोकरी धरा, असं सरकारच सांगत होतं तो हा काळ. 1956 मध्ये तर त्यासाठी कायदाही झाला. आजीची थोरली बहीण मात्र गावाकडच्या नातेवाइकांकडे राहिली. घरात सगळे तिला मोठी आजी म्हणतात. नाच, शिवण, औषधी वनस्पती, कोणत्या प्रसंगाला काय करायचं, हे सगळं तिच्याकडे टिकलं.

मुलीच्या आईला नाच येत नव्हता, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. 1883 पासून अमेरिकी सरकारने रिझर्व्हेशनवरचे अनेक नाच आणि समारंभ गुन्हा ठरवले. 1921 मध्ये इंडियन अफेअर्स खात्याच्या आयुक्ताने नाचांना आळा घाला असं परिपत्रक काढलं. मुलांना बोर्डिंग स्कूलमध्ये नेलं जायचं, तिथे आपली भाषा बोलली की शिक्षा. मुलीची पणजी अशाच शाळेत वाढली. तरीही ती नाचली, आणि तिचा जिंगल ड्रेस मोठ्या आजीने सांभाळून ठेवला. कापड कधीच विरलं. पत्र्याचे थोडे शंकू मात्र उरले, तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांपासून वळलेले.

जिंगल ड्रेसचा जन्म 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीच्या सुमाराला झाला. आजारी मुलीच्या बापाला स्वप्नात तो पोशाख आणि तो नाच दिसला, त्याने तसे पोशाख करवून घेतले, आणि नाच चालू असताना मुलगी बरी होत गेली, अशी कथा सांगतात. मिनेसोटातले मिल लॅक्स आणि ओंटारियोतलं व्हाइटफिश बे, दोन्हीकडचे लोक ती आपल्याकडची मानतात. रेड लेकच्या ओजिब्वे इतिहासकार ब्रेंडा चाइल्ड यांनी या नाचाचा साथीशी असलेला संबंध तपशिलाने मांडला आहे. सरकारी बंदी ऐन भरात असताना हा बरं करण्याचा नाच बायकांनी गावोगाव नेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 2020 मध्ये कोविडच्या काळात अनेक बायका अंगणात, रस्त्यावर, दवाखान्यांबाहेर हाच पोशाख घालून नाचल्या. या मुलीने तो पहिल्यांदा पाहिला तो तेव्हाच्या एका व्हिडिओत, आईच्या फोनवर.

अडचण

जानेवारीत मुलीने आईला सांगितलं, मला हे नाचायचं आहे. आई हरखली. तिने तयार पोशाख विकणाऱ्यांची चौकशी सुरू केली, जूनमधल्या शहरातल्या एका मोठ्या, बक्षिसांच्या पाउवाउची (मूळनिवासींच्या नाचगाण्यांच्या मेळाव्याची) तारीख धरली, आणि मग गावी फोन केला. मोठी आजी म्हणाली, "पोरीला घेऊन ये, मग बोलू."

गेल्यावर तिने तीन प्रश्न विचारले. पोशाख कोण देणार? ती रिंगणात पहिल्यांदा येईल तेव्हा कोणता ढोल, म्हणजे ढोलाभोवती बसून गाणाऱ्यांचा कोणता गट, गाणार? आणि तिच्या मागे कोण चालणार? पाउवाउच्या साध्या इंटरट्रायबल गाण्याला कोणीही उतरतं, पाहुणेसुद्धा. पण विशिष्ट पोशाख घालून पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला घराने सगळ्यांसमोर रिंगणात आणायचं असतं. ते झालं की मूल नाचणाऱ्यांतलं एक होतं आणि त्याची जबाबदारीही सुरू होते. जिंगल ड्रेस घातलेल्या बाईला कुणी तंबाखू देऊन (विनंती करायची ही रीत) आजाऱ्यासाठी नाचायला सांगितलं, तर ती नाही म्हणत नाही. सात वर्षांच्या मुलीला हे पेलेल का, हे आधी बघायला हवं होतं.

दुसरा पेच कागदाचा होता. हे कुटुंब मिनेसोटा चिपेवा ट्राइबच्या सहा बँडांपैकी, म्हणजे गटांपैकी, एकातलं. (चिपेवा हे ओजिब्वेंचंच सरकारदरबारी रुळलेलं नाव.) 1960 च्या दशकापासून तिथे सदस्यत्वासाठी किमान एक चतुर्थांश रक्ताची, म्हणजे पूर्वजांपैकी निदान चौथा हिस्सा ट्राइबमधला असण्याची, अट आहे. आई त्या अटीत जेमतेम बसते, मुलगी बसत नाही. 2022 मध्ये सदस्यांचा कौल घेतला तेव्हा बहुसंख्यांनी ही अट काढा असं सांगितलं, पण तो कौल सल्ल्यापुरता होता. याचा थेट परिणाम पोशाखावर झाला. गरुडाची पिसं बाळगायला संघराज्याने मान्य केलेल्या ट्राइबचं सदस्यत्व लागतं. 1940 चा गरुड संरक्षण कायदा तिथे कडक आहे. मोठ्या आजीकडे पिसांचा पंखा होता. तो नातीच्या हातात कायमचा द्यायची तिची इच्छा होती, आणि कायद्याने ते करता येत नव्हतं.

मार्चच्या अखेरीस आजीचा धाकटा भाऊ, म्हणजे आईचा मामा, वारला. तो ढोलावर गाणारा होता. मुलीचं पहिलं गाणं त्याच्याच ढोलाने म्हणायचं ठरलं होतं.

समोर असलेले पर्याय

पोशाख आणि पिसांचं तुलनेने लवकर सुटलं. विकतचा पोशाख मोठ्या आजीने नाकारला नाही. पैसे असतील आणि शिवणारं कोणी नसेल तर लोक विकत घेतात, त्यात काही वावगं नाही, असं ती म्हणाली. पण घरात शिवणारं माणूस आहे, आणि पणजीचे शंकू आहेत. मग आईने रीतीप्रमाणे तिला तंबाखू दिली आणि पोशाख शिवायची विनंती केली. घरच्या घरी विनंती करायला तिला अवघड गेलं, पण तंबाखू हातात आल्यावर मोठ्या आजीचा सूर बदलला. त्या दिवसापासून ती या कामाची जबाबदार होती.

पंख्याबाबत मुलीला सदस्यत्व मिळेपर्यंत थांबावं, की कोण बघतंय म्हणून द्यावा, की पंख्याशिवाय नाचावं, अशी चर्चा झाली. जुन्या पद्धतीच्या जिंगल नाचात पंखा लागतच नाही. पावलं जमिनीलगत ठेवायची, पाय ओलांडायचे नाहीत, मागे सरकायचं नाही, स्वतःभोवती पूर्ण गिरकी घ्यायची नाही. ढोलावर मानाचे जोरकस ठोके पडले की नुसता हात वर करायचा. मोठी आजी स्वतः तसंच नाचते. मुलीला व्हिडिओतली नवी, वेगवान पद्धत आवडली होती, ती थोडी हिरमुसली. आईला वाटत होतं की रक्ताच्या हिशोबापुढे आपण मान तुकवतोय. तिचा राग रास्त होता, आजही आहे. तरीही पिसं लपवून बाळगण्याची भीती मुलीच्या पहिल्या नाचाला चिकटू नये, यावर एकमत झालं. कागद नसताना तिने नाचावं का, असा प्रश्न मात्र गावात कोणीच काढला नाही.

खरा निर्णय मृत्यूनंतरचा होता. या घराची रीत अशी की जवळचं माणूस गेलं की वर्षभर रिंगणात पाय ठेवायचा नाही. बेरी, वाइल्ड राइस असा हंगामातला पहिला मेवासुद्धा शोकातल्या माणसाने स्वतः तोंडात टाकायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी भरवायचा. सगळी कुटुंबं हे एकसारखं पाळत नाहीत, आणि याच फटीत वाद उभा राहिला.

आई म्हणत होती, हा नाचच बरं करण्याचा आहे. घरात दुःख आहे तेव्हाच तो हवा. मामाला मुलीचं किती कौतुक होतं, आणि सात वर्षांच्या पोरीला एक वर्ष म्हणजे केवढं मोठं! आजी शहरात वाढलेली, तिला दोन्ही बाजू पटत होत्या आणि ती गप्प राही. मोठ्या आजीचं म्हणणं, दुसऱ्याला बरं करायला उतरायचं तर आधी आपल्याला कोणीतरी सांभाळायला हवं. वर्ष त्यासाठीच असतं. वडिलांनी मधला मार्ग सुचवला: शहरातल्या मोठ्या पाउवाउत तिला नुसतं मुलांच्या गटात उतरवू, घरचा समारंभ पुढच्या वर्षी करू. ऐकायला तो सोयीचा होता. पण मग रिंगणात आणण्याला अर्थ काय उरला, याचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं.

काय केलं

शेवटी मोठ्या आजीने हा निर्णय आपल्याकडे ठेवला नाही. म्हणाली, हे गेलेल्या भावाच्या बायकोला विचारा. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत शहाणी चाल. आई, आजी आणि मुलगी तंबाखू आणि जेवण घेऊन मामीकडे गेल्या.

मामीने बंदी घातली नाही. ती म्हणाली, "तुम्हाला आणायची तर आणा तिला. मला राग नाही. पण मी तिच्या मागे येऊ शकणार नाही. त्याची माणसंही ढोलावर बसणार नाहीत."

तिथून निघताना आईचा निर्णय झालेला होता. अर्ध्या घराशिवाय मुलीला आणणं म्हणजे "मागे कोण चालणार" या जानेवारीतल्या प्रश्नाला रिकामं उत्तर देणं. त्यांनी वर्षभर थांबायचं ठरवलं. मुलीला हे गाडीत सांगितलं गेलं, घाईत आणि रडत. तिचा समज झाला की तिला शिक्षा झाली आहे.

थांबण्याचं वर्ष रिकामं जाऊ द्यायचं नाही, हे मोठ्या आजीने पाहिलं. काही कुटुंबांत रोज एक शंकू लावून वर्षभरात पोशाख पुरा करायची पद्धत आहे. तिने तेच सुचवलं: रोज एक शंकू तयार करायचा, आणि तो करताना आजारी किंवा दुःखात असलेल्या एका माणसाची आठवण काढायची. शंकू तयार मिळतात, पण कामही पुष्कळ असतं. फितीचा तुकडा कापायचा, शंकूच्या निमुळत्या तोंडातून ओवायचा, आत गाठ मारायची, मग पक्कडीने तोंड दाबून बसवायचं. जास्त दाबलं तर पत्रा चिरतो आणि फीत कापते. कमी दाबलं तर शंकू गळून पडतो. मुलीच्या बोटांना सुरुवातीला ओरखडे आले, मग तिने आपणच अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळायला सुरुवात केली. ती कोणाची आठवण काढायची ते वहीत चित्र काढून ठेवायची. मामीचं चित्र बरेचदा असे. एकदा आमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

रोजचा नेम मोडलाही. थंडीत सगळं घर तापाने आडवं झालं आणि दोन आठवडे काहीच झालं नाही. आई खाडा भरून काढायला निघाली तेव्हा मोठ्या आजीने थांबवलं. हे कर्ज नाही, म्हणाली.

वर्षभराचे शंकू लहान मुलीच्या अंगावर मावणार नव्हते, वजनही झेपलं नसतं. तिच्या पोशाखाला शंभरेक पुरले. उरलेले आईच्या पोशाखासाठी ठेवले. आईला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेचे शंकू मोजताना मोठी आजी सहज बोलून गेली, आणि आई उठून अंगणात गेली. चाळिशीत पहिल्यांदा नाच शिकायचा, तोही मुलीबरोबर, ही तिच्यासाठी लाजेची आणि आनंदाची, दोन्ही गोष्ट होती.

शंकू लावताना अंतराचं गणित असतं. फार लांब लावले तर एकमेकांवर आदळत नाहीत आणि आवाज येत नाही. फार जवळ लावले तर हलायला जागा राहत नाही. मोठी आजी प्रत्येक ओळ झाली की पोशाख खांद्याला धरून हलवायची आणि ऐकायची. छातीवरच्या ओळीत पणजीचे चार शंकू बसवले. मूल वाढतं म्हणून बाजूच्या शिवणीत भरपूर माया सोडली आणि खाली रुंद दुमड ठेवली.

मधल्या काळात शाळेत एक प्रसंग झाला. मुलीने वर्गात पोशाखाबद्दल सांगितलं होतं. नोव्हेंबरमधल्या सांस्कृतिक कार्यक्रमात तिने तो घालून नाचावं, असं आमच्याकडच्या एका शिक्षिकेने आपुलकीनेच सुचवलं. घरच्यांनी नकार दिला. शोकाचं वर्ष चालू होतं, आणि ज्या पोशाखात तिला अजून रिंगणात आणलं नाही तो रंगमंचावर आधी कसा घालणार? त्याऐवजी आजी वर्गात आली, सुटे शंकू मुलांच्या हातात दिले आणि पणजीच्या शाळेबद्दल बोलली. वर्गाला यातून जास्त मिळालं, असं मला वाटतं.

निष्पत्ती

पुढच्या उन्हाळ्यात, वर्ष सरल्यावर, गावच्या लहान पाउवाउत तिला आणलं. बक्षिसांच्या मोठ्या पाउवाउचा विचार कधीच मागे पडला होता. समितीकडे आधीच 'स्पेशल' मागून ठेवलं होतं, म्हणजे कार्यक्रमात घरासाठी राखलेली वेळ. मामाच्या ढोलाला मामीने स्वतः तंबाखू दिली.

दुपारच्या ग्रँड एंट्रीत गरुडदंड, झेंडे, माजी सैनिक आणि मग नाचणारे आत आले, त्या गर्दीला आणि आवाजाला मुलगी बिचकली. फांद्यांच्या मांडवाखाली आईच्या शालीत तोंड खुपसून बसली. आई आता काय करावं म्हणून बघत राहिली. मोठ्या आजीने मुलीला काहीच म्हटलं नाही, तिच्या वेण्या सोडून पुन्हा घातल्या. स्पेशलची घोषणा झाली, लोकांना उभं राहायला आणि फोटो न काढायला सांगितलं गेलं, तेव्हा मुलगी उठली.

घर तिच्या मागे निघालं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पुढे मुलगी आणि मोठी आजी, मग मामी, आजी, आई आणि वडील. आईचा पोशाख पुरा झाला नव्हता, ती शाल पांघरून चालली. शालीनिशी बाई रिंगणात जाऊ शकते. गाण्याच्या दुसऱ्या फेरीत लोक येऊन मुलीशी हात मिळवत आणि मागच्या रांगेत सामील होत गेले. मानाच्या पहिल्या ठोक्यांना ती हात वर करायला विसरली. नंतरच्यांना मोठ्या आजीकडे बघून केला. एक शंकू गळून पडला, तो मागून येणाऱ्या एका मुलाने उचलून आईकडे दिला.

त्यानंतर घराने भेटवस्तू वाटल्या: ब्लँकेट, टॉवेल, मेपलचा पाक, भावकीतल्या एकाने दिलेला वाइल्ड राइस. आधी ढोलावरच्यांना, मग वृद्धांना, स्वयंपाक करणाऱ्यांना, मुलीला काही शिकवलेल्या प्रत्येकाला. मुलगी त्या दिवशी आणखी दोनदा उतरली आणि मग गाडीत झोपली.

त्या शरद ऋतूत गावातल्या एका बाईने तिच्या हातात तंबाखू ठेवली. बाईची नात दवाखान्यात होती. मुलीने आईकडे पाहिलं, मग घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

मुलीला निर्णय कसा सांगितला, याची खंत घरातल्या सगळ्यांना आहे. मामीच्या घरी ती हजर होती, पण बोलणं मोठ्यांत झालं. थांबण्याचं कारण मामीनेच तिला तिथे सांगितलं असतं, तर शिक्षेचा समज झाला नसता. तो दूर करायला त्यांना पुढे बराच काळ लागला.

आईने सुरुवात तारखेपासून केली होती. आधी गावी विचारून मग तारीख धरली असती, तर मुलीच्या मनात जून महिना इतका पक्का बसला नसता. शोकाची रीतही तिला मामा गेल्यावरच कळली. आजीला ती ठाऊक होती, पण शहरात कधी सांगायची वेळच आली नाही. मला यात आजीचा दोष दिसत नाही. जे तिच्या आईला बोलायची बंदी होती, ते पुढे द्यायला जागा कुठे होती? पण ज्या घरांत असं अंतर पडलं आहे, त्यांनी पोशाखाची चौकशी करण्याआधी एकदा सगळ्या वडीलधाऱ्यांसोबत बसावं, असं आई आता इतर पालकांना सांगते.

भेटवस्तूंचा खर्च आईने शेवटच्या दोन महिन्यांत काढला आणि त्याचा ताण घरावर पडला. वर्षभर हाताशी असताना थोडं थोडं जमवता आलं असतं. भावकीने मदत विचारली होती. तिने संकोचाने नाही म्हटलं, मग शेवटी घेतलीच.

वडिलांचा मधला मार्ग खरंच चुकीचा होता का, यावर घरात अजून दोन मतं आहेत. गटात नुसतं उतरून मुलीची भीती आधीच गेली असती, असं ते म्हणतात. आईला वाटतं की मग मामी पुढच्या वर्षीही आली नसती.

पंख्याचा प्रश्न तसाच आहे. तो मोठ्या आजीकडे कापडात गुंडाळलेला असतो, आणि तो नंतर कोणाकडे जाईल हे तिने अजून सांगितलेलं नाही. सदस्यत्वाच्या अटीबद्दल बँडच्या सभा होतात, आई त्यांना जाते. मुलीच्या पोशाखाची बाजूची शिवण या वर्षी पहिल्यांदा उसवून मोठी केली, आणि आईच्या पोशाखाच्या तीन ओळी लावायच्या बाकी आहेत.